कोड मुक्त, पण दप्तर कोणाच्या कुलपात?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री, लोकांचा कोड सांभाळण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीचा एक अभियंता डेटाबेसची अडचण सोडवत बसला होता. रात्र बरीच झाली होती. समोरच्या दोन सर्व्हरपैकी नको त्या सर्व्हरवर त्याने माहिती पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. कंपनीने बॅकअपच्या ज्या पद्धती लावून ठेवल्या होत्या, त्यांतली एकही वेळेला उपयोगी पडली नाही. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली, म्हणून बाकीचे वाचले. तरीही अंदाजे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती कायमची गेली. गिटलॅबने काहीही न लपवता सारे जाहीर केले आणि दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले.

त्या रात्री लोकांचा कोड मात्र सुखरूप राहिला. तो वेगळ्या जागी साठवला होता, आणि तसा नसता तरी प्रत्येक प्रोग्रामरच्या संगणकावर त्याची पूर्ण प्रत होतीच. गेली ती कोडभोवतीची बोलणी: कोणाला कोणता दोष सापडला, त्यावर कोण काय म्हणाले, कोणता बदल का स्वीकारला आणि कोणता का नाकारला.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर खासगी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर किती विसंबून आहे, या प्रश्नाचा आढावा घेताना ही रात्र डोळ्यांपुढे ठेवावी असे मला वाटते. कोड ही प्रकल्पाची मिळकत. तो कोड असा का झाला हे सांगणारा सगळा पत्रव्यवहार म्हणजे प्रकल्पाचे दप्तर. दप्तर दुसऱ्याच्या कुलपात गेले की काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात असताना पुण्यातल्याच अभ्यासकांना त्याच्या दाराबाहेर वर्षानुवर्षे थांबावे लागले होते.

गिटचा जन्म

आज जवळजवळ सगळे जग ज्या साधनावर कोडचा इतिहास सांभाळते, ते गिट अशाच एका परावलंबनातून जन्माला आले. लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचे, काम २००२ पासून बिटकीपर या खासगी साधनावर चाले. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना ते फुकट मिळत होते, पण कंपनीच्या अटींवर. अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामरने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकेल असा मुक्त प्रोग्राम लिहायला घेतला, तेव्हा वाद पेटला आणि एप्रिल २००५ मध्ये कंपनीने फुकट परवाना काढून घेतला. कर्नलच्या प्रोग्रामरांच्या कामाखालचा पायाच निसटला. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला नव्या साधनावर काम सुरू केले. चार दिवसांत गिट स्वतःचाच कोड सांभाळू लागले आणि जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या आधाराने बाहेर पडली.

बिटकीपरच्या अनुभवातून आलेला सर्वांत मोठा गुण म्हणजे गिटला मध्यवर्ती सर्व्हर लागतच नाही. ज्याच्याकडे प्रत आहे, त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास आहे. हे किती उपयोगाचे ठरते ते २०११ मध्ये दिसले. ऑगस्टमध्ये कर्नलच्या कर्नल डॉट ऑर्ग या संकेतस्थळाच्या सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचे उघड झाले आणि ते बंद ठेवावे लागले. टोरवाल्ड्स यांनी आपली प्रत तात्पुरती गिटहब या खासगी संकेतस्थळावर ठेवली आणि सप्टेंबरमध्ये पुढची चाचणी आवृत्ती तिथूनच जाहीर केली. कर्नल आपल्या जागी परतले, तेव्हा गिटहबवर काही अडकून राहिले नाही, कारण चर्चा ईमेलवर चालत होती. त्या मेलच्या प्रती जगभर विखुरलेल्या होत्या.

विसाव्याच्या जागा आणि त्यांचे शेवट

गिटच्या आधीपासूनच प्रकल्पांना एका छपराची गरज होती. दोष नोंदवायला जागा हवी, फाइली उतरवून घ्यायला सर्व्हर हवा, नव्या माणसाला येऊन बसायला ओसरी हवी. नोव्हेंबर १९९९ मध्ये व्हीए लिनक्स कंपनीने सोर्सफोर्ज सुरू केले आणि हे सारे फुकट दिले. काही वर्षे मुक्तस्रोताचा पत्ता म्हणजे सोर्सफोर्ज असेच समीकरण होते. ते चालवणारे सॉफ्टवेअर आधी मुक्त होते. २००१ मध्ये कंपनीने ते बंदिस्त केले. त्याच्या आधीच्या मुक्त आवृत्तीवरून जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे सॅव्हाना उभे राहिले. पुढे उत्पन्न आटले तसे सोर्सफोर्जने डाउनलोडच्या फाइलींना जाहिरातींचे प्रोग्राम जोडायला सुरुवात केली. चित्रे संपादित करणाऱ्या गिम्प प्रकल्पाने २०१३ मध्ये आपल्या विंडोज फाइली तिथून हलवल्या. २०१५ मध्ये लक्षात आले, की ते सोडलेले खाते सोर्सफोर्जने स्वतःकडे घेतले आहे आणि गिम्पच्याच नावाने जाहिरातींसकट फाइली वाटल्या जात आहेत. २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्या मालकांनी ती योजना बंद केली. तोवर लोकांचा विश्वास मात्र उडाला होता.

बाकीच्या जागाही फार टिकल्या नाहीत. गूगल कोड २००६ मध्ये आले आणि २०१६ च्या जानेवारीत बंद झाले. मायक्रोसॉफ्टचे कोडप्लेक्स २०१७ मध्ये मिटले. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियल हे साधनच काढून टाकले. तिथले मर्क्युरियल प्रकल्प पुसले जाण्यापूर्वी जतन करण्यासाठी सॉफ्टवेअर हेरिटेजसारख्या संस्थांना धावावे लागले. गिटोरियसचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. तिथले सॉफ्टवेअर पूर्ण मुक्त होते, तरी चालवणारी कंपनी विकली गेली आणि १ जून २०१५ ला सेवा थांबली. मुक्त परवाना सॉफ्टवेअर वाचवतो. सर्व्हरचे वीजबिल भरणारे कोणी आहे की नाही, हा प्रश्न परवान्याने सुटत नाही.

गिटहब का जिंकले

गिटहब २००८ मध्ये खुले झाले. त्याच्या यशाचे श्रेय भांडवलाला देऊन मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. त्याआधी अनोळखी प्रकल्पात बदल सुचवायचा म्हणजे मेलिंग लिस्टवर नाव घालायचे, पॅचचा साचा शिकायचा, मग उत्तराची वाट पाहायची. गिटहबने यातले भय काढले. एका बटणावर प्रकल्पाची स्वतःची प्रत, म्हणजे फोर्क. दुसऱ्या बटणावर बदल स्वीकारण्याची विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट. लहान गावातल्या कॉलेजचा विद्यार्थी ज्या सोयीने फिनलंडमधल्या प्रकल्पाची चूक सुधारू शकतो, ती सोय खरी आहे. गिटहबच्या हिशेबाने २०२३ च्या जानेवारीत तिथे १० कोटी खाती झाली. अमेरिकेखालोखाल सर्वाधिक प्रोग्रामर तिथे भारतातले आहेत.

मोठे प्रकल्पही तिथे गेले ते विचार करून. पायथॉन भाषेचा कोड फेब्रुवारी २०१७ मध्ये गिटहबवर आला, कारण स्वतःची यंत्रणा सांभाळण्यात स्वयंसेवकांचा वेळ जात होता आणि नव्या लोकांना बदल सुचवणे अवघड जात होते. पीएचपी भाषेवर तर वेळच तशी आली. मार्च २०२१ मध्ये तिच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर कोणीतरी मुख्य प्रोग्रामरांच्या नावाने चोरदार असलेला कोड घुसवला. तो लगेच पकडला गेला, पण स्वतःचा गिट सर्व्हर चालवणे हा सुरक्षेचा अनावश्यक धोका आहे असे प्रकल्पाने ठरवले आणि गिटहब हीच मुख्य जागा ठरवली. स्वतःचे घर बांधावे असा सल्ला देणाऱ्याने ही दोन उदाहरणे विसरू नयेत.

४ जून २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरांना गिटहब घेत असल्याचे जाहीर केले. अनेकांना धक्का बसला तो नव्या मालकाच्या मुक्तस्रोतविरोधी जुन्या इतिहासामुळे. माझ्या मते धक्का खरेदीचा नसावा. गिटहबचा स्वतःचा कोड पहिल्यापासून बंदिस्तच होता, आणि जी गोष्ट एका कंपनीची आहे ती दुसऱ्या कंपनीची होऊ शकते. मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते बेंजामिन माको हिल यांनी २०१० मध्येच लिहिले होते, की मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांची साधनेही मुक्त असायला हवीत. जीएनयू प्रकल्पाने २०१६ मध्ये नैतिक निकषांवर या जागांची श्रेणी लावली, तेव्हा सॅव्हानाला ए, गिटलॅबला सी आणि गिटहबला एफ मिळाला. बहुतेक प्रकल्पांनी तिकडे लक्ष दिले नाही.

विसंबणे नेमके कशावर

कोड कधीही उचलून नेता येतो, हे उत्तर नेहमी दिले जाते आणि कोडपुरते ते बरोबर आहे. पण प्रकल्प चार गोष्टींनी जखडला जातो.

पहिली गोष्ट दप्तर. दोषांच्या नोंदी, पुल रिक्वेस्टवरची चर्चा, ओळीओळीवरचे आक्षेप हे गिटच्या इतिहासात नसते, ते कंपनीच्या डेटाबेसमध्ये असते. ते बाहेर काढण्याची सोय आहे, पण नव्या जागी लावताना माणसांची खाती जुळत नाहीत, दुवे तुटतात. पायथॉनने हा त्रास पुन्हा पुन्हा सोसला. दोषांचे दप्तर आधी सोर्सफोर्जवर होते, २००७ मध्ये ते राउंडअप या मुक्त साधनावर आणले आणि एप्रिल २०२२ मध्ये गिटहबवर. दरवेळी ते नेता आले, कारण कष्ट करणारी माणसे आणि पाठीशी संस्था होती. दोन माणसांचा प्रकल्प हे करू शकत नाही.

दुसरी गोष्ट पत्ता. गो भाषेत लायब्ररीचे नावच तिचा पत्ता असते, आणि असंख्य प्रोग्रामच्या आत गिटहब डॉट कॉमने सुरू होणारी नावे कोरलेली आहेत. जागा बदलायची तर ती लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाला नाव बदलावे लागते.

तिसरी गोष्ट ओळख. रस्ट भाषेच्या क्रेट्स डॉट आयओ या भांडारात स्वतःची लायब्ररी ठेवायची तर वर्षानुवर्षे गिटहबच्या खात्याशिवाय दुसरे दार नव्हते. खाते गेले तर तुमचे कामच तुमच्या नावाचे राहत नाही.

चौथी गोष्ट यंत्रणा. प्रत्येक बदलानंतर चाचण्या आपोआप चालाव्यात यासाठी पूर्वी बरेच मुक्तस्रोत प्रकल्प ट्रॅव्हिस ही फुकट सेवा वापरत. तिचे मालक बदलले आणि २०२० च्या शेवटी फुकट सेवेला कात्री लागली. लोक गिटहब ॲक्शन्सकडे वळले. आज चाचणी, बांधणी, प्रकाशन सारे तिथल्या खास भाषेत लिहिलेले असते, आणि ते दुसरीकडे न्यायचे म्हणजे पुन्हा लिहायचे.

कायद्याचा हात

कंपनी ज्या देशात असते, त्या देशाचा कायदा तिथल्या प्रत्येक प्रकल्पाला लागू होतो. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या प्रोग्रामरांच्या खात्यांवर बंधने आली. खासगी रिपॉझिटरी, म्हणजे कोडची भांडारे, एका रात्रीत त्यांच्याच मालकांना बंद झाल्या. त्यांचा दोष फक्त राहण्याच्या जागेचा होता. इराणपुरता परवाना गिटहबने अमेरिकी सरकारकडून मिळवला, पण त्याला २०२१ चा जानेवारी उजाडला.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेने कॉपीराइट कायद्याखाली नोटीस दिली आणि यूट्यूब-डीएल हा लोकप्रिय प्रोग्राम गिटहबवरून काढला गेला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने कायदेशीर बाजू मांडली, तेव्हा साडेतीन आठवड्यांनी तो परत आला. गिटहबने अशा प्रोग्रामरांच्या बचावासाठी १० लाख डॉलरांचा निधीही जाहीर केला. ही भूमिका कौतुकाची आहे. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने टॉर्नेडो कॅश या क्रिप्टो-सेवेवर निर्बंध घातले, तेव्हा तिचा कोड आणि तो लिहिणाऱ्यांची खाती गिटहबवरून गेली. अर्थखात्याने नंतर खुलासा केल्यावर कोड परतला, आणि २०२५ मध्ये निर्बंधही उठले. चांगली कंपनीसुद्धा कायद्यापुढे उभी राहू शकत नाही, हे दोन्ही प्रकरणांतून कळते.

आपणही याला अपवाद नाही. डिसेंबर २०१४ मध्ये भारतात ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला. मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाने मागणी केली होती, कारण दहशतवादी मजकूर. त्या यादीत गिटहब आणि सोर्सफोर्जही होते. कोणीतरी कुठेतरी टाकलेल्या काही मजकुरासाठी प्रोग्रामरांचे काम अडले. सगळे एकाच दारातून ये-जा करत असतील, तर ते दार लावणाऱ्याच्या हातात फार मोठी सत्ता येते, मग ते सरकार कुठलेही असो.

कोपायलटनंतर

जून २०२१ मध्ये गिटहबने कोपायलट दाखवले आणि वर्षभरात ते महिना १० डॉलर दराने विकायला काढले. सार्वजनिक कोडवर शिकवलेली ही प्रणाली कोड लिहून देते. ज्यांनी आपला कोड या अटीवर दिला होता, की वापरणाऱ्याने लेखकाचे नाव राखावे किंवा सुधारलेला कोडही मुक्त ठेवावा, त्यांना वाटले की अट कोणी वाचलीच नाही. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने जून २०२२ मध्ये गिटहब सोडण्याचे आवाहन केले, आणि नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जागा बदलल्याने कोड अशा वापरापासून वाचत नाही, कारण सार्वजनिक कोड कुठूनही उचलता येतो. उलट, स्वतःचे सर्व्हर चालवणाऱ्यांनाच आज त्याचा सर्वाधिक मार बसतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारे स्वयंचलित प्रोग्राम रात्रंदिवस येऊन प्रत्येक कमिटचे, म्हणजे नोंदलेल्या बदलाचे, प्रत्येक पान मागतात. २०२५ मध्ये सोर्सहट या अशाच एका सेवेच्या संस्थापकाने याविरुद्ध जाहीर कैफियत मांडली. ग्नोम या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या सर्व्हरने अनुबिस नावाचा पहारा बसवला, जो येणाऱ्या प्रत्येक ब्राउझरला आधी थोडे गणित करायला लावतो. हा खर्च मोठी कंपनी सोसू शकते. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला तो जड जातो, आणि अशा रीतीने एकाच छपराखाली जाण्याचा दबाव वाढतो.

दुसऱ्या वाटा

तरीही दुसऱ्या वाटा आहेत, आणि लोक त्यांवर चालत आहेत. डेबियनने २०१८ मध्ये स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅबची मुक्त आवृत्ती बसवून साल्सा उभे केले. ग्नोम त्याच वर्षी आणि केडीई २०२० मध्ये याच वाटेने गेले. त्यासाठी प्रकल्पांनी अटीही घातल्या: योगदान देणाऱ्याने कंपनीशी करार करण्याची सक्ती गिटलॅबला काढावी लागली. एकत्र आलेले प्रकल्प कंपनीला बदलायला लावू शकतात, याचा हा पुरावा आहे. अर्थात गिटलॅबच्या काही सोयी फक्त विकत मिळतात, हे त्या वाटेवरचे ओझे राहतेच.

बर्लिनची कोडबर्ग ही नोंदणीकृत ना-नफा संस्था मला सर्वांत आशादायक वाटते. तिचे सदस्य वर्गणी भरतात आणि मत देतात. खर्च उघड असतो. कोडबर्ग ज्यावर चालत असे, त्या गिटी या मुक्त सॉफ्टवेअरचे नाव आणि हक्क २०२२ मध्ये एका नव्या कंपनीकडे गेले, तेव्हा कोडबर्गभोवतीच्या लोकांनी फोर्जेओ हा स्वतंत्र फाटा काढला. नोव्हेंबर २०२५ मध्ये झिग भाषेच्या प्रकल्पाने गिटहब सोडून कोडबर्ग गाठले. काही प्रकल्पांना तर छपराची गरजच वाटत नाही. लिनक्स कर्नल आजही ईमेलवर चालते. एस्क्यूलाइट या डेटाबेसच्या कर्त्याने फॉसिल हे साधन लिहिले, त्यात दोषांच्या नोंदी आणि विकीही कोडबरोबरच प्रत्येक प्रतीत येतात. दप्तर मिळकतीपासून वेगळे पडू द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार मोलाचा आहे.

मुक्त साधनही कधी थांबते. २०२१ मध्ये, कोडची तपासणी करण्याच्या फॅब्रिकेटर या मुक्त साधनामागची कंपनी बंद झाली. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाने त्यानंतर आपली तपासणी गिटहबवर नेली, पण ती २०२३ मध्ये, सवडीने. विकिमीडियाने फॅब्रिकेटर सोडलेच नाही, आणि वापरणाऱ्यांनी फॉर्ज नावाने ते पुढे चालू ठेवले. मुक्त साधन कोणाला अमरत्व देत नाही. ते वेळ देते, आणि निर्णय आपल्या हाती ठेवते.

आपल्या अंगणात

केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी सॉफ्टवेअरचा कोड खुला करून सहकार्याने वाढवण्याचे धोरण आणले आणि त्यासाठी ओपनफोर्ज हे स्वतःचे व्यासपीठ उभारले. तरी २६ मे २०२० रोजी सरकारच्या आरोग्य सेतू ॲपचा अँड्रॉइड कोड खुला झाला तो गिटहबवर, बहुधा तपासणारे लोक तिथे होते म्हणून. मुंबईच्या फ्रॅपेचे ईआरपीनेक्स्ट गिटहबवर वाढले. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे मुक्त देवनागरी फॉन्ट, जे आज असंख्य मराठी पानांवर दिसतात, त्यांच्या मूळ फाइलीही तिथेच आहेत. जोडाक्षर कुठे तुटते, मात्रा कुठे आदळते याची चर्चा हा आपल्या लिपीचा इतिहास आहे. तो कोणाच्या डेटाबेसमध्ये आहे, याची काळजी आपण करायला हवी.

सगळ्यांनी उद्या गिटहब सोडावे असे मी म्हणणार नाही. पीएचपीसारखी वेळ आलेल्या प्रकल्पाला तो सल्ला देणे बेजबाबदारपणाचे होईल. पण जिथे राहायचे तिथून निघता येईल अशी तयारी ठेवून राहावे. प्रकल्पाचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर असावा. दोषांच्या नोंदी आणि चर्चा ठरलेल्या वारी उतरवून घेऊन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मोठ्या निर्णयाचे कारण पुल रिक्वेस्टच्या तळाशी न ठेवता कमिटच्या संदेशात किंवा कोडशेजारच्या फाइलीत लिहावे, म्हणजे ते प्रत्येक प्रतीबरोबर जाईल. चाचण्या साध्या स्क्रिप्टमध्ये असाव्यात, ज्या आपल्या संगणकावरही चालतील. आणि ज्या कंपन्या या कोडवर पैसा कमावतात, ज्या विद्यापीठांत तो शिकवला जातो, त्यांनी कोडबर्गसारख्या संस्थांना नियमित वर्गणी द्यावी. फुकट छप्पर देणारा एकच उरतो, कारण बाकीच्यांना आपण काही दिलेले नसते.

२०११ मध्ये कर्नलचे घर अचानक बंद झाले. काम काही आठवडे दुसऱ्याच्या ओसरीवर बसून झाले आणि माणसे आपल्या सामानासकट परतली. त्यांच्याकडे कोडही होता आणि पत्रव्यवहारही. आपापल्या प्रकल्पात एकदा बसून हे तपासून पाहावे: उद्या सकाळी हे पान उघडले नाही, तर आपल्या हातात काय काय असेल? जे नसेल, ते आजच उतरवून घ्यायला लागावे.